धारेवरची पायवाट आणि धारेवरचा रस्ता: ॲपलेशियन ट्रेलच्या स्वयंसेवकांसमोरचा एक निर्णय

हे प्रकरण कशाबद्दल

सुट्टीच्या दिवशी कोयता आणि रंगाचा डबा घेऊन सह्याद्रीत जाणारी, बुजलेल्या वाटा मोकळ्या करणारी आणि खडकांवर बाण काढणारी बरीच मंडळी आहेत. हे टिपण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. वाट बांधण्याच्या कामात सुरुवातीची वर्षं पाणवठे, खुणा आणि मुक्कामाच्या जागा शोधण्यात जातात. वाट पायाखालची होते, लोक येऊ लागतात. मग एक दिवस त्याच धारेवर जेसीबी येतो. त्या दिवशी काय करायचं, याचा विचार सहसा कुणी आधी केलेला नसतो.

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ॲपलेशियन ट्रेलवर हा प्रसंग 1931 मध्ये आला. आज ही वाट जॉर्जिया ते मेन अशी 14 राज्यांतून सुमारे 2,190 मैल, म्हणजे जवळपास साडेतीन हजार किलोमीटर जाते. ती आखली, रंगवली आणि सांभाळली ती प्रामुख्यानं बिनपगारी माणसांनी. तिच्या इतिहासातला 1931 ते 1938 हा तुकडा इथं घेतला आहे. ज्यांच्या भूमिका जाहीर होत्या त्यांचीच नावं दिली आहेत. कार्यकर्ते, जमीनमालक आणि डोंगरातली कुटुंबं यांचा उल्लेख नावाविना केला आहे.

पार्श्वभूमी

ही कल्पना बेंटन मकाय यांची. ते शिक्षणानं वनशास्त्रज्ञ होते आणि सरकारी वनखात्यात त्यांनी नोकरी केली होती. ऑक्टोबर 1921 मध्ये वास्तुरचनाकारांच्या एका व्यावसायिक मासिकात त्यांनी योजना मांडली. न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट मिचेलपर्यंत डोंगरांच्या माथ्यावरून एक सलग वाट जावी, तिच्या कडेनं निवारे असावेत, पुढं छोट्या वस्त्या आणि सहकारी शेती उभी राहावी, असं ते म्हणत होते. कारखान्यांच्या शहरांत घुसमटणाऱ्या माणसाला डोंगराचा आधार मिळावा, ही त्यामागची तळमळ होती. पायवाट हे त्यांच्या दृष्टीनं साधन होतं. ज्या रानातून ती जाते ते रान राखणं हे खरं काम होतं. पुढचा सगळा वाद समजायचा तर हे ध्यानात ठेवायला हवं.

न्यूयॉर्क परिसरातल्या क्लबांनी कल्पना लगेच उचलली. बेअर माउंटनजवळचा पहिला टप्पा ऑक्टोबर 1923 मध्ये खुला झाला. तिथले रेमंड टॉरी वर्तमानपत्रात रानवाटांवर नियमित सदर लिहीत, आणि रविवारच्या कामाला माणसं मिळत त्यात या सदराचा वाटा मोठा होता. मार्च 1925 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली, ॲपलेशियन ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था स्थापन झाली, आणि मग काम थंडावलं. मकाय विचारवंत होते. माणसं जमवणं, तारखा ठरवणं, न आलेल्याला पुन्हा पत्र धाडणं हा त्यांचा पिंड नव्हता. वाट कागदावरच राहणार असं दिसू लागलं.

तिला कागदावरून खाली आणलं दोघांनी. पहिले हार्टफर्डचे निवृत्त न्यायाधीश आर्थर पर्किन्स. दुसरे, त्यांनी कामात ओढलेले मायरन एव्हरी, मेन राज्यातून वॉशिंग्टनला आलेले, सागरी कायद्याचे तरुण वकील. एव्हरी यांनी नोव्हेंबर 1927 मध्ये मोजक्या मित्रांना घेऊन पोटोमॅक ॲपलेशियन ट्रेल क्लब काढला. पुढच्या तीन-चार वर्षांत या क्लबानं हार्पर्स फेरीपासून दक्षिणेला रॉकफिश गॅप या खिंडीपर्यंत ब्लू रिज या डोंगररांगेच्या माथ्यावरची वाट सलग केली.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. शनिवारी निघायचं, जुन्या गुरवाटा आणि लाकूडतोड्यांच्या वाटा शोधून जोडायच्या, झुडपं छाटायची, झाडांवर खुणा करायच्या. एव्हरी स्वतः सायकलच्या चाकाला अंतरमापक बसवलेलं यंत्र ढकलत चालत आणि दर वळणाची नोंद करत. 1936 पर्यंत त्यांनी अशा तुकड्यांतून अख्खी वाट चालून पूर्ण केली. तसं करणारे ते पहिले. या नोंदींची मार्गदर्शक पुस्तिका 1931 मध्ये निघाली. पुस्तिका आली की वाट माहीतगारांपुरती राहत नाही. शहरातला अनोळखी माणूसही ती घेऊन रेल्वेनं किंवा बसनं येतो, पाणी कुठं आहे ते वाचतो आणि चालू लागतो. एव्हरी यांच्या प्रचाराचा हा गाभा होता. वर्तमानपत्रांना मजकूर पाठवणं, नवशिक्यांना बसनं डोंगरात नेणं, ही कामंही क्लब नेटानं करत होता. ज्या वाटेवर माणसं चालत नाहीत ती दोन पावसाळ्यांत रान गिळतं, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

अडचण

ब्लू रिजच्या याच भागात शेनँडोआ राष्ट्रीय उद्यान व्हायचं होतं. अमेरिकी संसदेनं 1926 मध्ये त्याला मंजुरी दिली होती. अट अशी होती की जमीन व्हर्जिनिया राज्यानं मिळवून द्यायची. राज्यानं 1928 मध्ये सरसकट संपादनाचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणारी सुमारे 500 कुटुंबं त्यात उठणार होती. क्लबाला उद्यान हवंच होतं. उद्यान झालं म्हणजे जंगलतोड थांबेल आणि वाट सुरक्षित होईल, असा सगळ्यांचा हिशोब होता.

पण उद्यानाबरोबर रस्ता आला. 1930 च्या दुष्काळानंतर मदतकार्याचा निधी उपलब्ध झाला, स्थानिकांना काम देण्याची निकड होती, आणि राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचं विश्रांतीचं ठिकाण त्याच डोंगरात होतं. डोंगराच्या माथ्यावरून मोटारींसाठी निसर्गदर्शनाचा रस्ता काढायचं ठरलं आणि जुलै 1931 मध्ये काम सुरू झालं. हाच स्कायलाइन ड्राइव्ह. फ्रंट रॉयल ते रॉकफिश गॅप असा तो 105 मैलांचा झाला.

ब्लू रिजची धार इथं अरुंद आहे. दोन्ही बाजूंचं खोरं दिसेल, खिंडीमागून खिंडी सहज पार होतील आणि चढउतार कमी लागेल अशी रेषा एकच. पायवाटेला तीच हवी आणि रस्त्यालाही तीच. सुरुंग लागले ते बऱ्याच ठिकाणी थेट स्वयंसेवकांनी तीन-चार वर्षांपूर्वी मोकळ्या केलेल्या वाटेवर.

क्लबात संताप होता आणि गोंधळही होता. जमीन क्लबाची नव्हती. वाट होती ती मालकांच्या तोंडी परवानगीवर. रस्ता अडवण्याचा कायदेशीर अधिकार कुणाकडेच नव्हता. त्यात अडचणीची दुसरी बाजू अशी, की जी राष्ट्रीय उद्यान सेवा हा रस्ता पुढं नेत होती तीच पुढं या डोंगराची राखणदार होणार होती. तिच्याशी भांडण घेऊन बसलं तर वाटेचं काय, हा प्रश्न एव्हरी यांना रोज पडत असणार. ते 1931 मध्ये संपूर्ण परिषदेचेही, म्हणजे ॲपलेशियन ट्रेल कॉन्फरन्सचेही, अध्यक्ष झाले होते. म्हणजे एका क्लबाचा नव्हे, सगळ्या वाटेचा निर्णय त्यांच्या टेबलावर आला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जाहीर विरोधाचा. मकाय यांची भूमिका हीच होती, आणि एव्हरी यांच्याच क्लबातले हॅरॉल्ड अँडरसन यांचीही. उत्तरेकडच्या जुन्या क्लबांतून या बाजूला बराच पाठिंबा होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मोटारीचा आवाज ऐकत चालायचं असेल तर माणूस शहरातच बरा. रानपण गेलं तर उरलेल्या वाटेला लांबीपलीकडे अर्थ नाही. ब्लू रिजवर मान्यता दिली की दक्षिणेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरांपासून उत्तरेतल्या व्हर्मॉन्टपर्यंत माथ्यावरच्या रस्त्यांचे बेत रांगेत उभे राहतील, ही त्यांची भीतीही खोटी नव्हती. असे प्रस्ताव तेव्हा खरोखरच पुढं येत होते.

दुसरा पर्यायही मकाय यांनीच 1934 मध्ये मांडला, आणि माझ्या मते या प्रकरणात सर्वांत कमी लक्ष दिलं गेलं ते याच पर्यायाकडे. त्यांचा रस्त्यालाच विरोध नव्हता. रस्ता डोंगराच्या पदरातून न्या, माथा चालणाऱ्यांना ठेवा, असं ते म्हणत होते. पदरातला रस्ता गावांना, शेतांना जोडतो, डोंगर खालून दाखवतो, आणि धार मोकळी राहते. गाडीतल्या माणसाला दृश्य हवंच असेल तर मधूनच एखादा फाटा वर न्यावा. सूचना व्यवहार्य होती. पण ती आली तेव्हा माथ्यावरचं काम तीन वर्षं चालू होतं आणि मधला टप्पा त्याच वर्षी मोटारींना खुला होत होता.

तिसरा पर्याय एव्हरी यांचा. रस्ता होणारच असेल तर वाट बाजूला घ्यायची, आणि ती नव्यानं बांधून देण्याचं काम सरकारकडून करवून घ्यायचं. 1933 मध्ये बेकार तरुणांना संवर्धनाच्या कामावर घेणारं सरकारी दल, सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर, उभं राहिलं होतं. शनिवार-रविवारच्या हातांना जे जमणार नाही ते या दलाला जमणार होतं. त्यांच्या मनात आणखी एक हिशोब होता: वाट आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण होऊ दे. अर्धवट वाटेला कुणी वाली नसतो, पूर्ण वाटेला देश वाली होऊ शकतो. मेन राज्यातला जवळपास तीनशे मैलांचा दुर्गम पट्टा तेव्हा अजून व्हायचा होता, आणि वाट न्यू हॅम्पशरमध्येच संपवावी असं म्हणणारेही होते. एव्हरी स्वतः मेनचे. तिथल्या कटाडिन शिखरापर्यंत वाट गेलीच पाहिजे यावर ते अडून होते.

एव्हरी यांना फक्त तडजोडखोर ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. वर्षानुवर्षं झुडपं छाटणाऱ्या माणसाला तुटलेल्या वाटेची भीती वेगळीच कळते. मकाय यांची काळजीही तेवढीच खरी होती. दोघांचं वाटेवर प्रेम होतं, पण ‘वाट’ म्हणजे काय याबद्दल त्यांच्यात एकमत नव्हतं, आणि काही वर्षं एकत्र काम करूनही हा प्रश्न कुठल्या बैठकीत नीट बोलला गेला नव्हता.

काय केलं गेलं

एव्हरी यांनी तिसरा पर्याय घेतला आणि तो आपल्या पद्धतीनं तडीस नेला. उद्यान सेवेशी पत्रव्यवहार करून नव्या वाटेची आखणी ठरवून घेतली. संवर्धन दलानं शेनँडोआमध्ये वाट पुन्हा बांधली. उतार बेताचा राखला, कडेला दगडी बांध घातले, पाण्याला वाट करून दिली. बांधकाम म्हणून पाहिलं तर ही नवी वाट स्वयंसेवकांच्या पहिल्या वाटेपेक्षा कितीतरी पक्की होती. त्यातले दगडी बांध आजही जागोजागी दिसतात. क्लबानं आपला जोर निवारे आणि केबिनींवर लावला आणि नवी माणसं वाटेवर आणत राहिला.

विरोधकांनी दुसरी वाट धरली. ऑक्टोबर 1934 मध्ये टेनेसीत नॉक्सव्हिलजवळ मकाय, वनतज्ज्ञ बॉब मार्शल आणि आणखी काही जण एका गाडीतून चालले होते. बोलता बोलता विषय असा तापला की गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून सगळे उतरले आणि बांधावर बसून नव्या संस्थेची तत्त्वं ठरवू लागले. जानेवारी 1935 मध्ये वाइल्डरनेस सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अँडरसनही होते. पुढं अमेरिकेत रानांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते 1964 मध्ये, आणि त्या लढ्यात या संस्थेचा वाटा मोठा होता. ब्लू रिजच्या रस्त्याबद्दलच्या रागातून एवढं उभं राहिलं, हे विसरता येत नाही.

जून 1935 मध्ये परिषदेची सभा शेनँडोआतल्या स्कायलँडला भरली. रस्ता आणि वाट हा विषय तिथं टळणं शक्यच नव्हतं. एव्हरी यांची बाजू टिकली. त्यानंतर मकाय आणि एव्हरी यांच्यात पत्रं झाली ती कडवट होती. 1936 च्या सुरुवातीला मकाय यांनी पाठवलेल्या उत्तरात एव्हरी यांच्या दांडगाईच्या भाषेवर थेट बोट ठेवलं होतं. दोघांचा संबंध तिथं संपला. वाटेचा जनक आणि वाट बांधणारा पुन्हा एका कामावर आले नाहीत.

मेनमधलं काम नेटानं चालू होतं. 14 ऑगस्ट 1937 रोजी तिथल्या स्पॉल्डिंग आणि शुगरलोफ या डोंगरांमधला शेवटचा दोन मैलांचा तुकडा संवर्धन दलाच्या मुलांनी मोकळा केला आणि सुमारे 2,000 मैलांची वाट सलग झाली. कल्पना मांडल्यापासून 16 वर्षं लागली होती.

त्याच वर्षी टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला भरलेल्या परिषदेच्या सभेत एक सदस्य एडवर्ड बॅलर्ड यांनी वाटेभोवती संरक्षित पट्टा हवा असा प्रस्ताव मांडला. एव्हरी यांनी तो उचलून धरला. ऑक्टोबर 1938 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वनसेवा यांनी करार केला: केंद्र सरकारच्या जमिनीत वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक मैल नवा समांतर रस्ता काढायचा नाही. पुढं बहुतेक राज्यांनी आपापल्या जमिनीवर पाव-पाव मैलाच्या पट्ट्यासाठी असेच करार केले.

काय झालं

सलग झालेली वाट फार दिवस सलग राहिली नाही. सप्टेंबर 1938 च्या चक्रीवादळानं न्यू इंग्लंडमधली झाडं वाटेवर आडवी केली. दक्षिणेत, शेनँडोआच्या खाली, 1935 पासून ब्लू रिज पार्कवेचं काम सुरू झालं होतं. स्कायलाइन ड्राइव्हलाच जोडून पुढं स्मोकीपर्यंत जाणारा हा रस्ता. त्यानं वाटेचे सुमारे 120 मैल गिळले. मकाय ज्याबद्दल बजावत होते ते इथं खरं ठरलं. मग युद्ध आलं, क्लबांची माणसं पांगली आणि रान वाढलं. वाट पुन्हा सलग झाली ती 1951 मध्ये. त्या मधल्या काळात, 1948 साली, अर्ल शेफर नावाच्या तरुणानं एकाच मोसमात अख्खी वाट चालल्याची बातमी आली, आणि लोकांच्या मनात वाटेला पुन्हा जागा मिळाली.

एव्हरी जुलै 1952 मध्ये गेले, वयाच्या 52 व्या वर्षी. त्याच सुमारास दक्षिण व्हर्जिनियातला वाटेचा मोठा हिस्सा पार्कवेपासून दूर, पश्चिमेकडच्या डोंगरांत हलवला गेला. रस्त्याशेजारी रेटत राहण्यापेक्षा दुसरी रांग धरायची, हा मार्ग शेवटी तिथं स्वीकारला गेला.

शेनँडोआत मात्र वाट जागीच राहिली. उद्यानातल्या सुमारे शंभर मैलांत ती स्कायलाइन ड्राइव्ह 28 वेळा ओलांडते. चालणाऱ्यांचं त्यावर एकमत नाही. कुणाला हा सगळ्यात सोपा, पाण्या-खाण्याची सोय असलेला पट्टा म्हणून आवडतो. दूरवरून महिनोन्‌महिने चालत आलेल्याला मोटारसायकलींचा आवाज नको होतो. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे: रस्त्यामुळं हजारो नवखे लोक पहिल्यांदा या वाटेवर उतरतात. अर्धा तास चालून परत फिरणारा माणूसही पुढं कधीतरी पावती फाडतो, कामाला येतो.

जमिनीचा प्रश्न सुटायला बराच काळ जावा लागला. 1968 च्या राष्ट्रीय वाटा कायद्यानं ॲपलेशियन ट्रेलला देशाच्या पहिल्या दोन राष्ट्रीय निसर्गवाटांपैकी एक म्हणून दर्जा दिला. तोवर तिचा मोठा हिस्सा खाजगी जमिनीवर किंवा डांबरावरच होता. 1978 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जमीनखरेदीसाठी 9 कोटी डॉलरची तरतूद झाली, आणि 1984 मध्ये उद्यान सेवेनं या जमिनींची देखभाल स्वयंसेवकांच्या संस्थेकडेच सोपवली. आज 30 हून अधिक क्लब आपापला तुकडा सांभाळतात. मकाय 1975 मध्ये, 96 व्या वर्षी गेले. 1968 चा कायदा त्यांनी पाहिला. मोठी जमीनखरेदी पाहिली नाही.

निर्णयाची वळणं आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिलं वळण 1928 ते 1931 चं. उद्यानाची चर्चा चालू होती तेव्हाच, सुरुंग लागण्याआधी, क्लबानं वाटेसाठी माथ्याची हमी मागायला हवी होती. तेव्हा क्लबाच्या हाती बरंच काही होतं. उद्यान सेवेला त्या डोंगराबद्दल आस्था असलेला शहरी वर्ग हवा होता, आणि तो वर्ग क्लबाकडे होता. अरुंद धार आणि दोन दावेदार ही गोष्ट नकाशावरून कळण्यासारखी होती. ‘उद्यान झालं की वाट सुरक्षित’ हे गृहीत कुणी तपासलं नाही. राष्ट्रीय उद्यानांत मोटारींना मुक्त वाव मिळत होता हे तेव्हाही दिसत होतं.

दुसरं वळण संमतीचं. रस्ता थांबवता आला नसता, हे मी एव्हरी यांच्या बाजूनं मान्य करतो. मदतनिधी, बेकारी आणि राष्ट्राध्यक्षांची इच्छा यांपुढं एका शनिवार-रविवारच्या क्लबाचा टिकाव लागला नसता. पण संमती देताना बदल्यात काय घ्यायचं हे ठरवता आलं असतं. त्यांनी घेतली ती नवी बांधलेली वाट. दोन्ही बाजूंना एकेक मैलाची अट आली 1938 मध्ये, म्हणजे धार हातची गेल्यावर. हीच अट 1933 मध्ये, संवर्धन दलाच्या कामाच्या वाटाघाटीत ठेवली असती तर शेनँडोआ कदाचित वाचला नसता, पण पार्कवेच्या आखणीआधी वाटेच्या हाती एक कागद असता. त्या 120 मैलांवर बोलायला काहीतरी असतं. क्रम चुकला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हेच.

पदरातल्या रस्त्याचा पर्यायही याच वळणावर हवा होता. मकाय यांच्याकडे कल्पना होती, एव्हरी यांच्याकडे मोजमापं होती. चाक ढकलत त्या धारेचा इंचन्‌इंच मोजलेला माणूस पदरातली रेषा कुठून काढता येईल हे सांगू शकला असता. दोघांनी मिळून दोन-तीन टप्प्यांचा तुलनात्मक नकाशा जरी ठेवला असता, तरी अभियंत्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. तसं घडलं नाही, कारण तोवर पत्रांतला सूर बिघडला होता.

तिसरं वळण स्कायलँडच्या सभेचं. बहुमत मिळवणं एव्हरी यांना जमत असे. हरलेल्या बाजूला कामात धरून ठेवणं त्यांना जमलं नाही. अँडरसनसारखी माणसं बाहेर पडून नवी संस्था उभारतात, हे देशाच्या रानांसाठी चांगलंच झालं. पण वाटेच्या परिषदेत रानपणाचा प्रश्न विचारणारी माणसं पुढची बरीच वर्षं कमी पडली. सभेत एक स्वतंत्र समिती नेमून ‘यापुढं माथ्यावरचा रस्ता आला तर परिषद काय करेल’ एवढं एक धोरण जरी लिहून घेतलं असतं, तर विरोधकांना आत राहायला कारण उरलं असतं आणि एव्हरी यांचं काही बिघडलं नसतं. अशा संस्थांत आर्थिक हिशोब लिहिले जातात, तत्त्वाचे मतभेद मात्र दोन माणसांच्या पत्रांत राहतात, आणि ती माणसं दुरावली की प्रश्नही हरवतो.

चौथी गोष्ट माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी, आणि तिच्यावर त्या काळात जवळजवळ कुणीच बोललं नाही. डोंगरात राहणारी ती 500 कुटुंबं. ज्या गुरवाटा जोडून वाट सलग झाली त्या त्यांच्या पायांनी पडलेल्या होत्या. झऱ्यांची माहिती त्यांची, चालणाऱ्यांना दूध-भाकरी मिळे ती त्यांच्या घरांतून. वाट रस्त्यापासून वाचवायची की नाही यावर दोन्ही बाजूंनी तावातावानं लिहिलं, पण धारेवरून माणसं उठवली जात असताना एका बाजूनंही त्यांना बैठकीला बोलावलं नाही. क्लबाची ताकद कमी होती हे खरं. तरी घरटी पाहणी, कुणाला राहायचंय आणि कुणाला जायचंय याची नोंद, वृद्धांना हयातभर राहू देण्याची मागणी, एवढं करता आलं असतं. काही वृद्धांना अशी मुभा पुढं मिळालीही, पण त्यासाठी क्लबांनी शब्द टाकायला हवा होता.

हे राहून गेल्याची किंमत पुढं दुसऱ्यांनी मोजली. पेनसिल्व्हेनियाच्या कंबरलँड खोऱ्यात वाट बरीच वर्षं डांबरी रस्त्यावरून जात होती. जमीनखरेदी सुरू झाल्यावर ती शेतांतून न्यायची ठरली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी संघटित विरोध केला. सक्तीचं संपादन म्हणजे काय हे डोंगराळ भागाच्या आठवणीत ताजं होतं. वाट शेवटी आली, पण लांबलचक बोलण्यांनंतर. बांधाबांधानं आणि खोऱ्यातल्या एका ठेंगण्या उंचवट्यावरून तिची रेषा आखली गेली, आणि पट्ट्यातल्या काही जमिनी परवान्यावर पुन्हा कसायला दिल्या गेल्या. आता त्या तुकड्याची निगा तिथलाच स्थानिक क्लब राखतो.